सेकंडहँड प्लग-इन हायब्रिड घेताना : खरे ॲव्हरेज किती?



आई-बाबा नाशिकहून आले की हीथ्रोपासून घरापर्यंत बाबांचे तीन प्रश्न ठरलेले असतात. थंडी किती, घरभाडे किती आणि गाडी ॲव्हरेज किती देते? २०१९ च्या डिसेंबरात ते आले तेव्हा आम्ही नुकतीच सेकंडहँड मित्सुबिशी आउटलँडर प्लग-इन हायब्रिड घेतली होती, २०१५ सालची. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरे दिली. तिसऱ्याला जरा अडखळलो. "कागदावर गॅलनला १४८ मैल, पण सध्या ३१ देते आहे," असे म्हणालो. बाबा मागे वळून म्हणाले, "अरे, मग ही एवढी जाड वायर कशाला बाळगतोस?"

त्या वायरीतच सगळी गोम होती. आम्ही तेव्हा हॅरोला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. गाडी रस्त्यावर उभी. प्लग वर, गाडी खाली. विजेवर चालणारी गाडी घेतली आणि ती वीज भरायची कुठे, याचा विचार गाडी दारात आल्यावर केला! तीन हिवाळे आम्ही ती निव्वळ पेट्रोलवर चालवली. २०२२ मध्ये वॉटफर्डला ड्राइव्हवे असलेल्या घरात आलो आणि त्याच गाडीचे ॲव्हरेज तिप्पट झाले. गाडी तीच, चालवणाराही तोच.

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत "प्लग-इन घेऊ का रे?" असे बऱ्याच जणांनी विचारले आहे. जुन्या आउटलँडर आता आवाक्यातल्या किमतीत मिळतात, दिसायला मोठ्या आहेत आणि मुले, सामान, हार्मोनियम असे सगळे त्यात मावते. म्हणून एकदा नीट लिहूनच काढतो. आमच्याकडून झाली ती चूक तुमच्याकडून होऊ नये, एवढाच हेतू.

आधी थोडी ओळख

मित्सुबिशीने ही गाडी २०१३ मध्ये जपानात आणली आणि २०१४ मध्ये ती ब्रिटनमध्ये विक्रीला आली. त्या वेळी सरकार प्लग-इन गाड्यांना ५००० पौंड अनुदान देत असे. कंपनीची गाडी वापरणाऱ्यांना करातही मोठी सूट होती. त्यामुळे ती भरपूर खपली आणि बरीच वर्षे या देशातली सर्वाधिक खपाची प्लग-इन गाडी होती. पुढे २०१६ मध्ये अनुदान निम्मे झाले आणि २०१८ च्या शेवटी प्लग-इन हायब्रिडसाठी ते बंदच झाले. मित्सुबिशीने २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये नव्या गाड्या विकणे थांबवले. म्हणजे या पिढीची जी आउटलँडर आज इथे विकत मिळेल, ती जुनीच असणार.

दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवा. आधीच्या गाड्यांत २.० लिटरचे पेट्रोल इंजिन आणि १२ युनिटची (म्हणजे १२ किलोवॉट-अवर) बॅटरी आहे. २०१८ च्या उत्तरार्धापासून २.४ लिटरचे इंजिन आणि १३.८ युनिटची बॅटरी आली. दोन्हींत पुढच्या आणि मागच्या चाकांना एकेक विजेची मोटर आहे. मागच्या मोटरसाठी जागा लागत असल्याने तिसऱ्या रांगेची सीट नाही. डिझेल आउटलँडर सात जणांची होती, ही पाच जणांचीच आहे. आजी-आजोबा येणार असतील तर हे आधीच मोजून घ्या.

जाहिरातीतला १४८ कुठून आला?

हा आकडा कोणी मनाने लिहिलेला नाही. त्या काळच्या युरोपीय चाचणीच्या सूत्रातून तो निघतो. चाचणीत गाडी पूर्ण चार्ज करून विजेवर किती अंतर जाते ते मोजत. आउटलँडर ५२ किलोमीटर, म्हणजे साधारण ३२ मैल गेली. सूत्र असे धरते की त्यानंतर माणूस फक्त आणखी २५ किलोमीटर इंजिनवर जाईल आणि पुन्हा चार्जिंगला लावेल. म्हणजे ७७ किलोमीटरच्या प्रवासात पेट्रोल फक्त २५ किलोमीटरचे. त्या २५ किलोमीटरांचे पेट्रोल ७७ ने भागले की १०० किलोमीटरला १.९ लिटर येते. त्याचेच गॅलनला १४८ मैल होतात.

उलटा हिशोब केला तर त्याच चाचणीत इंजिनवर चालताना गाडी गॅलनला साधारण ४८ मैल देत होती असे दिसते. तीही प्रयोगशाळेत, हीटर बंद ठेवून, सावकाश. म्हणजे १४८ खोटा नाही, पण तो "दर ७७ किलोमीटरला एकदा पूर्ण चार्ज करणाऱ्या, हळू चालवणाऱ्या, हिवाळा माहीत नसलेल्या" माणसाचा आकडा आहे. तुम्ही तो माणूस आहात का, एवढाच प्रश्न.

पुष्कळ लोक तो माणूस नसतात, हे पुढे सिद्धही झाले. २०१८ मध्ये कंपनीच्या गाड्यांच्या इंधनाचा हिशोब ठेवणाऱ्या एका संस्थेची आकडेवारी बातम्यांत आली होती. जाहिरातीत सरासरी १३० च्या आसपास असलेल्या प्लग-इन गाड्या प्रत्यक्षात ४० च्या आसपास देत होत्या. काही गाड्या तर परत आल्या तेव्हा चार्जिंगच्या वायरी प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही निघाल्या नव्हत्या! युरोपीय कमिशनने २०२१ मध्ये नोंदलेल्या गाड्यांचा प्रत्यक्ष वापर तपासला आणि २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे प्रदूषण कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत ही तफावत साधारण वीस टक्के निघाली. इथे ती पटीत आहे.

बॅटरी संपल्यावर काय?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तशी गत. बॅटरी रिकामी झाली की ही १८०० किलोहून जड, उंच, चौकोनी गाडी एका साध्या पेट्रोल इंजिनाने ओढायची असते. बॅटरीत थोडा साठा राखीव राहतो, त्यामुळे ती साध्या हायब्रिडसारखी चालत राहते, बंद पडत नाही. शहरात इंजिन जनित्राचे काम करते आणि चाके मोटर फिरवते. साधारण ताशी ४० मैलांच्या पुढे इंजिन थेट पुढच्या चाकांना जोडले जाऊ शकते. नेहमीचा गिअरबॉक्स नाही. म्हणून चढावर किंवा जोरात पुढे काढताना इंजिन एकाच सुरात ओरडते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काहीतरी बिघडले असे वाटते, पण ते तसेच असते.

या स्थितीतला खरा आकडा किती? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची चाचणी जास्त वास्तव मानली जाते. तिने २.० लिटरच्या आउटलँडरला विजेवर २२ मैल आणि त्यानंतर पेट्रोलवर गॅलनला २५ मैल असा आकडा दिला. पण सावधान! अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा आणि आपला ४.५४६ लिटरचा. त्यांचे २५ म्हणजे आपले ३०. न्यू जर्सीच्या भावाशी फोनवर ॲव्हरेजची तुलना करताना हा गोंधळ हमखास होतो. त्याच्या आकड्याला १.२ ने गुणा, मग भांडा.

आमच्या वहीत तीन वर्षांच्या पेट्रोलच्या नोंदी आहेत. फ्लॅटमध्ये असताना सरासरी ३१ ते ३३ मिळाले. म्हणजे ते ३० खरेच आहेत. पुढच्या हिशोबात मी ३२ धरतो.

इथे एक सांगायला हवे की सगळ्या प्लग-इन सारख्या नसतात. टोयोटाची राव्ह-४ प्लग-इन बॅटरी संपल्यावरही अमेरिकन गॅलनला ३८ मैल देते, म्हणजे आपल्या गॅलनला सुमारे ४५. तिची बॅटरी १८.१ युनिटची आहे आणि अमेरिकन चाचणीत ती विजेवर ४२ मैल गेली. पण सेकंडहँड किंमतही तशीच असते. म्हणून कोणतीही प्लग-इन बघताना एकच प्रश्न आधी विचारा : "बॅटरी रिकामी असताना किती देते?" विक्रेता हा आकडा आपणहून सांगत नाही.

तीन घरांचा हिशोब

आता आकडेमोड. समजा पेट्रोल लिटरला १ पौंड ३५ पेन्स, म्हणजे गॅलनला ६ पौंड १४ पेन्स. विजेवर एक मैल जायला भिंतीतल्या प्लगमधून ०.४५ युनिट लागते (हाही अमेरिकन चाचणीचाच आकडा, चार्जिंगमधली गळती धरून). एका चार्जमध्ये २० मैल. तुलनेला एक साधी, प्लग नसलेली हायब्रिड गाडी घेऊ, गॅलनला ४८ मैल देणारी. तुमच्या भागातले आजचे भाव घालून हाच हिशोब पुन्हा करा.

पहिले घर. ड्राइव्हवे आहे. कामाला जायला ८ मैल, यायला ८. पाच दिवसांचे ८० मैल सगळे विजेवर. शनिवारी साउथॉलचा भाजीपाला, मुलांचा क्लास आणि कोणाकडे तरी जेवण मिळून ६० मैल. त्यातले २० विजेवर आणि ४० पेट्रोलवर. आठवड्याचे १४० मैल, पेट्रोल सव्वा गॅलन. ॲव्हरेज निघाले ११२! पेट्रोलचे ७ पौंड ६८ पेन्स. रात्रीच्या स्वस्त दराने, समजा ८ पेन्सने, विजेचे ३ पौंड ६०. एकूण ११ पौंड २८. साध्या हायब्रिडला त्याच अंतराला १७ पौंड ९१ लागतील. वर्षाला साधारण ३४५ पौंडांची बचत.

पण थांबा. याच घराने रात्रीची योजना घेतली नाही आणि युनिटला २५ पेन्स भरले, तर विजेचे ११ पौंड २५ होतात आणि एकूण १८ पौंड ९३. म्हणजे साध्या हायब्रिडपेक्षा एक पौंड जास्त! ॲव्हरेज तेच ११२, पण खिशाला फायदा शून्य. ॲव्हरेजच्या आकड्यात विजेचे बिल धरलेले नसते, हे विसरू नका.

दुसरे घर. ड्राइव्हवे आहे, पण नोकरी मोटरवेने ३५ मैलांवर. रोज ७० मैल, त्यातले २० विजेवर आणि ५० पेट्रोलवर. पाच दिवसांचे ३५० मैल, पेट्रोल ७.८ गॅलन. ॲव्हरेज ४५. रात्रीची स्वस्त वीज धरूनही आठवड्याला ५१ पौंड ५७. साध्या हायब्रिडला ४४ पौंड ७७. वर्षाला साडेतीनशे पौंडांचा तोटा. ऑफिसात चार्जिंग असेल तर चित्र बदलते, कारण परतीचेही २० मैल विजेवर जातात.

तिसरे घर म्हणजे आम्ही, हॅरोच्या फ्लॅटमधले. पहिल्या घराइतकेच आठवड्याला १४० मैल, पण प्लग नाही. ३२ च्या ॲव्हरेजने २६ पौंड ८६. साध्या हायब्रिडपेक्षा आठवड्याला ९ पौंड जास्त, वर्षाला साडेचारशेहून अधिक. तीन वर्षांत किती गेले ते तुम्हीच मोजा. मुंबईची दोन तिकिटे सहज आली असती.

रस्त्यावरच्या चार्जरचे काय?

"घरी प्लग नसला तर काय झाले, लॅम्पपोस्टला लावू, सुपरमार्केटला लावू," असे आम्हीही म्हणत होतो. त्यासाठी एक रेघ लक्षात ठेवा. ३२ च्या ॲव्हरेजने पेट्रोलचा एक मैल १९ पेन्सला पडतो. तो ०.४५ ने भागला की सुमारे ४३ पेन्स येतात. म्हणजे वीज युनिटला ४३ पेन्सपेक्षा महाग असेल, तर त्या विजेपेक्षा पेट्रोल स्वस्त! रस्त्यावरचे बरेच चार्जर या रेघेच्या वर आहेत आणि जलद चार्जर तर बहुतेक सगळेच. घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट आहे, सार्वजनिक चार्जरवर २० टक्के, हेही त्याचे एक कारण.

शिवाय आउटलँडरची सॉकेट जुन्या धाटणीची आहे. हळू चार्जिंगसाठी टाइप १ आणि जलद चार्जिंगसाठी शाडेमो. आजकालच्या बहुतेक गाड्या टाइप २ आणि सीसीएस वापरतात आणि नव्या जलद चार्जरांवर शाडेमोची वायर क्वचित दिसते. खांबावरच्या चार्जरसाठी एका टोकाला टाइप २ आणि दुसऱ्या टोकाला टाइप १ असलेली वायर वेगळी लागते.

थोडक्यात काय, तर घरी किंवा ऑफिसात स्वतःचा, स्वस्त प्लग नसेल तर ही गाडी घेऊ नका.

जुन्या बॅटरीचे काय?

फोनची बॅटरी जशी झिजते तशी हीही झिजते. बॅटरीवर साधारण ८ वर्षे किंवा १ लाख मैलांची वॉरंटी असे. म्हणजे २०१४ ते २०१७ च्या गाड्यांची ती संपलेली आहे. या बॅटरीची धारणशक्ती अँपिअर-अवरमध्ये मोजतात. नवी असताना ती ३८ ते ४० असते. आमच्या गाडीची आता २८ वर आली आहे. उन्हाळ्यात १७-१८ मैल जाते, जानेवारीत १३-१४.

वरच्या हिशोबात २० ऐवजी १५ मैल घातले तर पहिल्या घराचे ॲव्हरेज ११२ वरून ९० वर येते आणि दुसऱ्याचे ४५ वरून ४१ वर. गाडी टाकाऊ होत नाही, पण किंमत ठरवताना हे धरायलाच हवे.

डॅशबोर्डवर दिसणाऱ्या मैलांवर विश्वास ठेवू नका. आधीच्या माणसाने कशी चालवली त्यावरून गाडी तो अंदाज बांधते. खरी स्थिती दोन प्रकारे कळते. एक, मित्सुबिशीचे काम करणाऱ्या गॅरेजकडून बॅटरीची तपासणी करून घेणे. दोन, गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावायचा छोटा ब्लूटूथ तुकडा आणि फोनवरचे ॲप. हा तुकडा काही पौंडांत मिळतो आणि विक्रेत्यासमोर पाच मिनिटांत आकडा दिसतो.

कर आणि लंडनचे नियम

गाडीची पहिली नोंदणी १ एप्रिल २०१७ च्या आधीची की नंतरची, हे आधी बघा. आधीची असेल तर तिला वाहनकर शून्य होता आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला २० पौंड झाला. नंतरची असेल तर २०२५-२६ साली १९५ पौंड. दिसायला सारख्याच गाड्या, दोन महिन्यांचे अंतर आणि करात जवळजवळ दहापट फरक.

कंजेशन चार्जमधली प्लग-इन हायब्रिडची सूट २५ ऑक्टोबर २०२१ ला संपली. जुन्या जाहिराती वाचून मध्य लंडनमध्ये फुकट जाता येईल असे समजू नका. युलेझचा दंड मात्र लागत नाही, कारण ही पेट्रोल गाडी त्या नियमात बसते. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये सरकारने एप्रिल २०२८ पासून प्लग-इन हायब्रिडवर मैलामागे दीड पेनी कर लावण्याचे जाहीर केले आहे. वर्षाला ७००० मैल जाणाऱ्याला तो १०५ पौंड पडेल. पुढची चार-पाच वर्षे गाडी ठेवायची असेल तर हाही खर्च वहीत लिहून ठेवा.

गाडी बघायला जाताना

१. जाण्याआधी नंबरावरून सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा इतिहास बघा. फुकट आहे. दर वर्षीचे मैल आणि सांगितलेल्या तक्रारी सगळ्या दिसतात. रिकॉलचे काम राहिले आहे का तेही तिथेच तपासा.

२. गाडीवर कोणाचे कर्ज बाकी आहे का, याची थोडे पैसे भरून चौकशी करा. व्ही५सी पुस्तिकेवरचा चासी नंबर गाडीशी ताडून बघा.

३. दोन्ही वायरी मागा. तीन पिनांच्या प्लगची एक आणि चार्जरची एक. वायर कोरी करकरीत असेल तर आनंदून जाऊ नका. गाडी आयुष्यभर पेट्रोलवर चालली आहे आणि इंजिनची झीज जास्त आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो.

४. विक्रेत्याला गाडी पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा. तुमच्यासमोर पुन्हा प्लग लावून चार्जिंग सुरू होते ना ते बघा.

५. गाडी थंड असताना चालवा. विजेवर निघते का बघा, मग हीटर लावा. काही मॉडेलांत विजेचा हीटर आहे, काहींत नाही. नसेल तर हीटर लावताच इंजिन सुरू होते आणि हिवाळ्यातली छोटी फेरीही पेट्रोल पिते. इथल्या हवेत हा फरक वर्षातले पाच महिने जाणवतो.

६. त्यानंतर बॅटरी संपवून किंवा सेव्हचे बटण दाबून इंजिनवर किमान दहा मैल चालवा. त्यातला थोडा भाग मोटरवेवर असू द्या.

७. ब्रेक बघा. वेग कमी करताना मोटरच वीज परत बॅटरीत भरते, त्यामुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि त्यांच्या डिस्कवर गंज चढतो.

८. डीलरकडून घेतली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने गंभीर दोष निघाल्यास ३० दिवसांत परत देण्याचा हक्क आहे. खाजगी माणसाकडून घेताना हा हक्क नसतो, मग किंमतही तशी कमी हवी.

घेतल्यावर

साध्या एक्स्टेन्शन बोर्डावरून कधीही चार्ज करू नका. तासन् तास चालणाऱ्या विजेने तो तापतो आणि आग लागू शकते. घराचे वायरिंग जुने असेल तर इलेक्ट्रिशियनकडून ते सॉकेट आधी तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगवर रिकामी बॅटरी पाचेक तासांत भरते, म्हणजे रात्रीच्या स्वस्त वेळात काम होते. स्वस्त दराच्या योजनेला स्मार्ट मीटर लागतो, काहींना ठरावीक चार्जर किंवा ठरावीक गाडी लागते, शिवाय दिवसाचा दर थोडा वाढू शकतो. सही करण्यापूर्वी विचारून घ्या.

लांबच्या प्रवासाला निघताना, समजा लेस्टरला, एम-१ वर सेव्हचे बटण दाबा आणि राखलेली बॅटरी गावात गेल्यावर वापरा. हळू, थांबत-थांबत जाताना विजेचा फायदा जास्त. चार्जचे बटण मात्र शक्यतो टाळा. पेट्रोल जाळून बॅटरी भरणे म्हणजे वाटेत गळणाऱ्या भांड्याने पाणी आणणे.

गाडी तीनेक महिने पेट्रोलशिवाय चालली आणि नवे पेट्रोल भरले नाही, तर जुने पेट्रोल खराब होऊ नये म्हणून ती आपणहून इंजिन सुरू करते. घाबरू नका, थोडे पेट्रोल भरा.

आणि एक वही ठेवा. प्रत्येक वेळी टाकी भरताना मैल, लिटर आणि वाटल्यास विजेचे युनिट लिहा. गाडीच्या पडद्यावरचा आकडा आणि वहीतला आकडा यांत फरक असतो. वहीतला खरा.

मग घ्यावी की नाही?

घरी प्लग आहे, रोजचे अंतर २० मैलांच्या आत आहे, रात्रीची स्वस्त वीज मिळते आणि महिन्यातून एखाद-दोन लांबचे प्रवास असतात, अशांनी जरूर घ्यावी. दोन मोटरींमुळे बर्फातही ती छान चालते, शहरात आवाज नाही आणि वाटेत बॅटरी संपण्याची धास्ती नाही. रोज मोटरवेने ५०-६० मैल जाणाऱ्यांनी आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी साधी हायब्रिड बघावी. दोन गाड्या असतील आणि घरी प्लग असेल तर त्यातली एक पूर्ण विजेची घेण्याचाही विचार करावा.

बघायला जाण्याआधी दोन आठवडे सध्याच्या गाडीचे मैल रोज लिहा. कोणता दिवस किती, आणि रात्री गाडी कुठे उभी राहते. त्या कागदावरून तुमचे ॲव्हरेज आधीच काढता येते. आम्ही तो कागद २०१९ मध्ये केला असता तर एका संध्याकाळचे काम होते.

२०२३ मध्ये बाबा पुन्हा आले. हीथ्रोहून घरी येईस्तोवर गाडीने बरेचसे अंतर विजेवर कापले. त्यांनी प्रश्न विचारलाच. मी वही दिली. पाने उलटून त्यांनी २०२१ आणि २०२३ चे आकडे शेजारी शेजारी पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे आधी प्लग बघायचा, मग गाडी." एवढेच या लेखाचे सार आहे.

कोणी नुकतीच प्लग-इन घेतली असेल तर आपल्या वहीतले आकडे मंडळाला जरूर कळवा, विशेषतः हिवाळ्यातले. इतरांना उपयोग होईल. आणि घ्यायच्या आधी गाडी बघायला सोबत हवी असेल तर सांगा, ब्लूटूथचा तुकडा माझ्याकडे आहे.